गिअरबॉक्समधून तेल गळते तेव्हा जुना ॲक्सल ठेवावा की बदलावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींत, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) एकाच धातूच्या घरात असतात आणि त्या घरातून दोन ॲक्सल डाव्या-उजव्या चाकांकडे निघतात. ॲक्सलचे टोक जिथे आत शिरते, तिथले ऑइल सील काही वर्षांनी कडक होते आणि तेल झिरपू लागते. अशा वेळी एक गॅरेज नुसत्या सीलचा खर्च सांगते, तर दुसरे सीलसोबत अख्खा ॲक्सल बदलायला सांगते. सील काही शे रुपयांत मिळते आणि ॲक्सलला काही हजार मोजावे लागतात, त्यामुळे ग्राहक गोंधळतो. पुढील उत्तरे या गोंधळापुरती आहेत.

तेल ॲक्सलच्या सीलमधूनच येत आहे, हे कसे ओळखावे?

डाग जिथे पडतो तिथेच गळती आहे, असे धरून चालू नये. गाडी धावत असताना वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते आणि खाली ओघळते. म्हणून सर्वांत ओली जागा शोधण्यापेक्षा सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल जाडसर असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. ऑटोमॅटिकचे तेल पुष्कळदा लालसर असते आणि जुने झाले की तपकिरी होते. इंजिनाचे वापरलेले तेल काळपट असते. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा सस्पेन्शनच्या नळीवर चिकट काळे ग्रीस उडालेले दिसले, तर तो गिअरबॉक्सचा दोष नसून ॲक्सलचा रबरी बूट, म्हणजे सांध्यातले ग्रीस धरून ठेवणारे आवरण, फाटल्याचे लक्षण आहे.

शंका राहिल्यास तो सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा करावा, वर हलकी टाल्कम पावडर मारावी, वीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. पावडरीवर तेलाचा ओघळ स्पष्ट उमटतो. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, गिअर बदलण्याच्या शाफ्टचे सील, ड्रेन बोल्टचे वॉशर आणि स्पीड सेन्सरचे ओ-रिंग हे नेहमीचे इतर संशयित आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल टपकत असेल, तर क्रँकचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गेलेले असण्याची शक्यता मोठी. त्या दुरुस्तीत गिअरबॉक्स उतरवताना ॲक्सल काढावे लागतातच, तेव्हा ॲक्सलची सीलेही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे.

सील खराब झाले असेल, तर ॲक्सल बदलण्याचा प्रश्न येतोच कुठे?

सील एकटे तेल अडवत नाही. त्याची रबरी कड ॲक्सलच्या आतल्या टोकावर घासलेल्या, गुळगुळीत पट्ट्यावर टेकलेली असते. कडेमागची बारीक गोल स्प्रिंग तिला दाबून धरते आणि मध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर राहतो. म्हणजे तेल अडवण्याचे अर्धे काम रबराचे आणि अर्धे त्या पोलादी पट्ट्याचे आहे. अशा पट्ट्याचा खडबडीतपणा कारखान्यात साधारण ०.२ ते ०.८ मायक्रोमीटर इतकाच ठेवला जातो. कडेवर धूळ बसते, रबर कडक होते, आणि मग वर्षानुवर्षे एकाच जागी फिरताना तीच कड पोलादात खाच पाडते. रबराने पोलाद झिजते यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, परंतु खरे काम रबरात रुतलेले धुळीचे कण करतात.

अशा खाचेवर नवे सील बसवले, तर त्याची कोरी कड खाचेच्या काठावर किंवा तळाशी टेकते आणि तिला नीट दाब मिळत नाही. गळती काही दिवस थांबते आणि परत सुरू होते. ग्राहकाला वाटते, सील नकली होते.

मग ॲक्सल ठेवायचा की बदलायचा, हे नेमके कधी ठरवावे?

ॲक्सल बाहेर काढून, पुसून, उजेडात हातात धरल्यावर. त्याआधी दिलेले उत्तर हा केवळ अंदाज असतो, मग ते ‘बदलावाच लागेल’ असे असो की ‘काही होत नाही’ असे. सील बदलण्यासाठी ॲक्सल काढावा लागतोच, त्यामुळे तपासणीची वेगळी मजुरी पडत नाही. गॅरेजने सुरुवातीलाच दोन अंदाज द्यावेत, एक नुसत्या सीलचा आणि एक ॲक्सलसह, आणि निवड तपासणीनंतर करावी, हा माझ्या मते एकमेव प्रामाणिक मार्ग आहे.

तपासणीत काय पाहावे?

प्रथम सीलचा पट्टा. तो कापडाने स्वच्छ पुसून अंगठ्याचे नख ॲक्सलच्या लांबीच्या दिशेने हळूच ओढावे. सीलची कड जिथे फिरत होती तिथे एक चकचकीत वर्तुळ दिसेल, आणि ते दिसणे स्वाभाविक आहे. नख त्यावरून न अडखळता सरकले, तर पट्टा चांगला आहे. नख अडकले, तर ती खाच आहे आणि तो पट्टा जसाच्या तसा वापरू नये. नख हे साधन साधे असले तरी या कामात फसवत नाही. रंगावर आणि चकाकीवर मात्र विसंबू नये.

दुसरी गोष्ट गंज. कोकणपट्टीत आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने, तसेच पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत, सीलच्या कडेच्या अगदी बाहेर तांबूस गंजाची कड धरते. कड असते तिथला भाग तेलामुळे वाचतो आणि लगतचा भाग खडबडीत होतो. नवे सील किंचित बाहेर बसले की त्याची कड नेमकी या गंजलेल्या भागावर येते आणि महिन्याभरात फाटते. वरवरचा गंज निघतो. खड्डे पडले असतील तर निघत नाही.

तिसरी गोष्ट ओरखडे. ॲक्सल काढताना पहार चुकीच्या जागी लावली, की पट्ट्यावर आडवातिडवा चरा उठतो. तिरका चरा सर्वांत वाईट, कारण फिरणाऱ्या शाफ्टवर तो स्क्रूच्या आट्यासारखा वागतो आणि तेल कडेखालून बाहेर ओढत राहतो. याच कारणाने पट्टा पॉलिश करायचा झाल्यास अतिशय बारीक वॉटर पेपर तेलात भिजवून फक्त शाफ्टभोवती गोल फिरवावा. लांबीच्या दिशेने घासलेला पॉलिश पेपर चांगला ॲक्सल वाया घालवू शकतो.

यानंतर स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे लांबट दाते, पाहावेत. ते पिळलेले, पायरी पडलेले किंवा कडा तुटलेले असतील, तर पुढचा विचार करण्याची गरज नाही, ॲक्सल बदलावा. शेवटी ॲक्सलचे दोन्ही सांधे, म्हणजे गिअरबॉक्सकडचा आतला आणि चाकाकडचा बाहेरचा, हाताने वळवून पाहावेत. आतला सांधा आतबाहेर अलगद सरकला पाहिजे आणि बाहेरचा सर्व दिशांना सारख्या जोराने वळला पाहिजे. मध्येच अडकणे, खरखर किंवा फिरण्याच्या दिशेने जाणवणारी ढिलाई हे सांधा झिजल्याचे पुरावे आहेत.

पट्ट्यावर हलकी खाच आहे, पण सांधे उत्तम आहेत. मधला मार्ग आहे का?

दोन आहेत. पहिला म्हणजे नवे सील मूळ खोलीपेक्षा एक-दीड मिलिमीटर कमी आत बसवणे, जेणेकरून त्याची कड न झिजलेल्या जागी फिरेल. घराच्या रचनेत तेवढी जागा असेल आणि सील तिरके बसणार नाही, तरच हे करावे. ज्या सीलला घरात ठरावीक पायरीवर टेकून बसावे लागते, तिथे हा उपाय चालत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे झिजलेल्या पट्ट्यावर स्टेनलेस पोलादाची पातळ बाही चढवणे. एसकेएफ कंपनीची ‘स्पीडी-स्लीव्ह’ या प्रकारातली प्रसिद्ध आहे. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे सीलचे माप बदलावे लागत नाही. मात्र ज्या गिअरबॉक्समध्ये ॲक्सलचे तेच टोक डिफरेन्शियलच्या घरातल्या छिद्रात घट्ट मापाने शिरते, तिथे बाही आत जाणार नाही. माप मिळणे, ती सरळ चढवणे आणि तिची कड तासून गुळगुळीत करणे यांत वेळ जातो. लहान गाडीचा चांगला ॲक्सल सहज मिळत असेल, तर हा खटाटोप परवडत नाही. जुन्या किंवा आयात केलेल्या गाडीचा ॲक्सल मिळतच नसेल, तर बाही हा खरोखर चांगला उपाय आहे.

सीलचा पट्टा ठीक आहे, पण बूट फाटला आहे किंवा वळताना कट-कट आवाज येतो. तेव्हा काय करावे?

इथे दोन वेगळ्या अवस्था आहेत. बुटाला चीर गेली आहे, परंतु आतले ग्रीस अजून भरपूर, काळे आणि मऊ आहे, बोटांत चोळल्यावर कचकच लागत नाही, आणि गाडीला आवाज नव्हता. अशा वेळी सांधा उघडून धुवावा, ठरलेल्या प्रमाणात मोलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस भरावे आणि नवा बूट चढवावा. ॲक्सल बाहेर आलेलाच असल्यामुळे या कामाची मजुरी फारशी वाढत नाही.

बूट फाटून बरेच महिने झाले असतील आणि ग्रीसमध्ये वाळू किंवा पाणी मिसळले असेल, तर नवा बूट म्हणजे घाणीवर झाकण घालणे. बाहेरच्या सांध्यात सहा पोलादी गोळ्या अचूक खाचांतून धावतात. आल्फ्रेड झेपा यांनी १९२०च्या दशकात मांडलेली ही रचना कोनात वळूनही एकसारखा वेग देते, पण धूळ तिला सहन होत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज येणे हे याच गोळ्यांच्या खाचा झिजल्याचे लक्षण. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सरळ रस्त्यावर गाडी थरथरते आणि पाय सोडताच शांत होते, तेव्हा संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. झिजलेला सांधा ग्रीसने भरून येत नाही. अनेक गाड्यांसाठी बाहेरचा सांधा, ज्याला गॅरेजात सीव्ही कप म्हणतात, सुटा मिळतो. मधला शाफ्ट आणि आतला सांधा चांगले असतील तर तेवढाच बदलणे पुरेसे आहे.

किती किलोमीटरनंतर ॲक्सल बदलावा?

असा आकडा नाही. बूट वेळेवर बदलले गेलेला ॲक्सल दोन लाख किलोमीटरनंतरही सुस्थितीत असू शकतो आणि फाटक्या बुटाने एका पावसाळ्यात संपू शकतो.

बदलायचाच असेल, तर कोणता घ्यावा?

कंपनीचा मूळ भाग महाग असतो, पण सीलचा पट्टा, लांबी आणि सांध्यांचे कोन याबाबत निश्चिंत राहता येते. मूळ कंपनीला भाग पुरवणाऱ्या उत्पादकाचा, त्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळणारा ॲक्सल हा बहुधा सर्वांत चांगला सौदा ठरतो. अगदी स्वस्त, अनोळखी नावाचा ॲक्सल घेताना मात्र जुना शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवाव्यात: एकूण लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, सीलच्या पट्ट्याचा व्यास, आणि जुन्या ॲक्सलवर एबीएसची दातेरी कडी असेल तर तिच्या दात्यांची संख्या. ही कडी चुकली की एबीएसचा दिवा लागतो आणि मालक ब्रेकचा दोष शोधत बसतो. लांब ॲक्सलवर बसवलेले रबरी कडीचे वजन थरथर शोषण्यासाठी असते. स्वस्त प्रतीत ते पुष्कळदा गाळलेले असते आणि मग ठरावीक वेगाला स्टिअरिंगमध्ये कंप जाणवतो.

कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून मूळ कंपनीचा वापरलेला ॲक्सल आणणे मला अनेकदा अनोळखी नव्यापेक्षा बरे वाटते, अट एवढीच की नखाची चाचणी आणि सांध्यांची चाचणी दुकानातच करावी. रिकंडिशन केलेल्या ॲक्सलबाबत एक प्रश्न जरूर विचारावा: खाचा पुन्हा घासून मोठ्या मापाच्या गोळ्या घातल्या आहेत, की नुसते धुऊन, रंग देऊन नवे बूट चढवले आहेत? उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर तो माल सोडून द्यावा. चांगल्या स्थितीतला मूळ ॲक्सल काढून त्या जागी असा रंगवलेला बसवणे हे दुरुस्तीच्या नावाने केलेले नुकसान आहे.

नवे सील बसवूनही पुन्हा गळती झाली. दोष ॲक्सलचाच का?

असेलच असे नाही, आणि हा प्रश्न ॲक्सलवर पैसे घालण्यापूर्वी विचारला पाहिजे. गिअरबॉक्सवर हवा जाण्यायेण्यासाठी एक छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजली, की तेल गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलले जाते. ब्रीदर उघडण्यास पाच मिनिटे लागतात. तरीही तो शेवटी आठवतो.

दुसरे कारण दिशेचे. अनेक सीलांच्या कडेवर बारीक तिरक्या रेघा असतात, ज्या फिरणाऱ्या शाफ्टबरोबर तेल परत आत ढकलतात. दोन्ही बाजूंचे ॲक्सल घरातून पाहताना विरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून डावे आणि उजवे सील वेगळे असते व त्यावर बाण छापलेला असतो. माप सारखे म्हणून अदलाबदल झाली, तर तेच सील तेल बाहेर ढकलू लागते.

तिसरे कारण डिफरेन्शियलची ढिलाई. ॲक्सल बसवल्यावर त्याचे आतले टोक वर-खाली हलवून पाहावे. अत्यल्प हालचाल काही रचनांत मान्य असते, पण ते स्पष्ट डुलत असेल तर बेअरिंग किंवा घराचे छिद्र झिजलेले आहे. अशा डुलणाऱ्या टोकावर कोणत्याही सीलची कड सतत टेकून राहू शकत नाही. ॲक्सलचे टोकही त्या छिद्रात फिरून झिजले असल्यास नव्या ॲक्सलने थोडा फरक पडतो, परंतु मूळ दुखणे गिअरबॉक्स उघडल्याशिवाय जात नाही.

याशिवाय तेल जास्त भरणे, सील हातोडीने तिरके ठोकणे, आणि ॲक्सल आत सरकवताना त्याच्या दात्यांनी कोरी कड कापली जाणे ही कारणे रोजची आहेत. कडेला आधी तेल लावावे आणि ॲक्सलचे वजन हाताने पेलून तो सरळ सरकवावा.

दोन्ही बाजूंची सीले आणि दोन्ही ॲक्सल एकदम बदलावेत का?

सीले बदलावीत, कारण तेल काढलेलेच असते आणि दोघांचे वय सारखे असते. ॲक्सल जोडीने बदलण्याचे काही कारण नाही.

ॲक्सल पुन्हा वापरायचा असेल, तर काढताना कोणती काळजी घ्यावी?

शाफ्टला धरून ओढू नये. आतला सांधा सुटून त्याचे रोलर बुटात पडू शकतात. सपाट पहार सांधा आणि गिअरबॉक्सचे घर यांच्यामध्ये, पट्ट्याला न लागता, नेमक्या जागी लावून झटका द्यावा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही ॲक्सल एकाच वेळी बाहेर काढले की आतले साइड गिअर जागेवरून घसरतात, म्हणून एक बसवल्यावरच दुसरा काढावा किंवा मोकळ्या जागी योग्य मापाची खुंटी घालून ठेवावी. आतल्या टोकाची सर्क्लिप, म्हणजे ॲक्सल जागेवर अडकवून ठेवणारी तारेची कडी, नवी घालावी. ती काही रुपयांची वस्तू आहे आणि ढिली पडली तर ॲक्सल किंचित बाहेर सरकून सीलची कड जागा सोडते. चाकाकडचा मोठा हब नट ठोकून पक्का करण्याच्या प्रकारचा असेल, तर तोही नवा हवा आणि टॉर्क पान्यानेच, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावा. हब नट ढिला असताना गाडीचे वजन चाकावर टाकू नये, अन्यथा चाकाचे बेअरिंग खराब होते.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत ॲक्सल बोल्टने जोडलेला असतो. तिथेही हेच लागू होते का?

नाही. तिथे सीलची कड ॲक्सलवर न फिरता गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या फ्लॅन्जवर (ॲक्सल ज्याला बोल्टने जोडतात त्या भागावर) फिरते. तेल गळत असेल तर नखाची चाचणी फ्लॅन्जवर करावी. त्या गळतीपायी ॲक्सल बदलायला सांगितला, तर कारण विचारावे.

बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे काय?

१९८३ मध्ये मारुती ८०० आली, त्यापूर्वी आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसडर आणि पद्मिनीचे राज्य होते, आणि त्या काळातल्या मिस्त्र्यांना ॲक्सल सील म्हणजे मागच्या चाकाचे सील एवढेच ठाऊक होते. तिथे तेल गळले की ते जमिनीवर पडण्याआधी ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि लायनर भिजवते, म्हणून ही गळती पुढच्या ॲक्सलच्या गळतीपेक्षा अधिक धोकादायक आहे. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. दोन्ही बाजूंचे नवे घालावेत. ॲक्सलबाबत कसोटी तीच: सील जिथे फिरते तो पट्टा किंवा त्यावर दाबून बसवलेली कडी. फक्त कडी झिजली असेल, तर कडी आणि बेअरिंग प्रेसवर बदलून शाफ्ट वाचवता येतो.

गळती थोडीच आहे. अधूनमधून तेल भरत राहिले तर चालेल का?

सील नुसते ओलसर असेल आणि थेंब पडत नसेल, तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबायला हरकत नाही. थेंब पडत असतील तर हिशेब वेगळा. लहान हॅचबॅकच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये साधारण दोन ते अडीच लीटर तेल असते आणि त्याची पातळी दाखवणारी डिपस्टिक बहुतेक गाड्यांत नसते. पातळी पाहायची तर गाडी सपाट उचलून बाजूचा फिलर बोल्ट काढावा लागतो. अर्धा लीटर गेले तरी मालकाला कळत नाही. सीव्हीटीत (गिअरच्या पायऱ्या नसलेल्या गिअरबॉक्समध्ये) आणि ऑटोमॅटिकमध्ये तर तेलाच्या दाबावरच काम चालते, त्यामुळे तिथे गळती पुढे ढकलूच नये. सील फुगवून गळती थांबवणारी बाटलीतली औषधे मी सुचवत नाही. खाच पडलेल्या पट्ट्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. ॲक्सल आणि सीले वाचली आहेत असे समजावे का?

आधी तेल पाहावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये जशा गाड्या तासन्‌तास बुडून राहिल्या, तशा स्थितीत पाणी ब्रीदरमधून गिअरबॉक्समध्ये शिरू शकते. चालत्या गाडीचा गरम गिअरबॉक्स पाण्यात अचानक थंड झाला, तर आतली हवा आकसून पाणी अधिकच ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते ताबडतोब काढून टाकावे, थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा बदलावे, आणि सीलच्या पट्ट्यावरील गंज त्याच वेळी तपासावा. बुटांवरचे क्लॅम्प ढिले असतील तर सांध्यांतही पाणी गेलेले असते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

काम झाल्यावर गॅरेजकडून काय मागावे?

जुने सील, आणि ॲक्सल बदलला असेल तर जुना ॲक्सलही, पाहायला मागावा. नख स्वतः फिरवून पाहता येते. बिलावर तेलाचा दर्जा आणि भरलेले प्रमाण लिहून घ्यावे, कारण सिंक्रोनायझर (गिअर सहज बदलू देणाऱ्या कड्या) असलेल्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचे तेल लागते आणि हाताशी असलेले जीएल-५ ओतले जाण्याचे प्रकार घडतात. पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा उचलून दोन्ही बाजू बघून द्यायला सांगावे. नवे सील सदोष बसले असेल, तर ते बहुधा एवढ्या अंतरातच ओले दिसू लागते.